नाना कामावर हजर आहेत

आमच्या पिंप्राळ्याचे भास्करनाना वाणी रोज सकाळी भोंगा व्हायच्या आधी जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर हजर व्हायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी, सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी. फाटकावर दौलत नावाचा पहारेकरी असायचा. सायकल भिंतीला टेकवून नाना त्याच्यासमोर ताठ उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "भास्कर वाणी, कामावर हजर! आत सोडतोस का?"

"नही, नाना."

"का नाही?"

"साहेब नही म्हनस."

"ठीक आहे. मी आलो होतो हे ध्यानात ठेव. कोर्टात विचारतील."

"ध्यानमा शे, नाना."

मग नाना सायकल वळवायचे आणि डबा खायला थेट माझ्या छापखान्यात यायचे. यात विशेष काय, कामगाराला फाटकावर अडवणं काही नवीन नाही, असं तुम्ही म्हणाल. विशेष एवढंच, की नानांना कोणी काढलं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने, आणि तोही मॅनेजरच्या टेबलावर आपटून.

पाठक वकिलांनी त्यांना सांगितलं होतं, "राजीनामा मागे घेतलाय ना? मग एक-दोनदा कामावर जाऊन या. अडवलं तर अडवलं. आपली तयारी होती एवढं दिसलं पाहिजे." वकील बिचारे एक-दोनदा म्हणाले. नानांनी त्याचा नेमच करून टाकला. "कायद्याचं काम अर्धवट करू नये," हे त्यांचं म्हणणं. पाऊस असो, पोळा असो, नाना फाटकावर. रविवारी दौलत म्हणायचा, "नाना, आज सुटी शे." त्यावर नाना म्हणायचे, "सुटी त्यांना. मला अजून सुटी मंजूर झालेली नाही."

एकदा नानांना ताप भरला. अंथरुणातून उठवेना. तेव्हा या गृहस्थाने काय करावं? ज्या नोकरीचा राजीनामा दिला, तिथे आजारपणाच्या रजेचा अर्ज पाठवला! मॅनेजरने तो टराटरा फाडला असं कळलं. नाना तापातही उठून बसले. "फाडला? म्हणजे त्याच्या हातात पोचला! पोच झाली, पोच!" नानांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांच्या कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी बदलली आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

नानांचं एक ठरलेलं वाक्य होतं. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर ते म्हणायचे, "त्याला कलम आहे." म्हैस शेजाऱ्याच्या वाड्यात शिरली, त्याला कलम आहे. रेशनवर ज्वारीच्या जागी लालभडक अमेरिकी मिलो माथी मारला, त्याला कलम आहे. काकूंची आमटी खारट झाली तरी त्याला कलम होतं, फक्त ते मोठ्याने म्हणायची नानांची छाती नव्हती.

आणि या कायदेपंडिताचं ऑफिस कुठे? तर पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावर. जळगावात जायचं तर आम्हांला ते फाटक ओलांडावं लागे, आणि ते उघडं असणं हा योगायोग. भुसावळकडून मालगाडी यायची, मध्येच थांबायची, पुढे जाऊ की नको असा विचार करत बसायची. इकडे सायकलवाले, दूधवाले, बैलगाड्या, शाळेचे मास्तर, सगळे खोळंबलेले. नाना सायकल स्टँडवर लावायचे आणि म्हणायचे, "हं, बोला. कोणाची काय अडचण?"

आमच्या शाळेतल्या सोनवणे मास्तरांचं हेडमास्तरांशी वाजलं होतं. मास्तर फाटकात तणतणत होते, "आज तोंडावर राजीनामा फेकतो!"

"थांबा!" नाना गरजले. "राजीनामा लिहा. जरूर लिहा. पण देऊ नका. खिशात ठेवा. खिशात आहे तोवर तो तुमचा, टेबलावर ठेवला की साहेबाचा. आणि मास्तर, डबा खाल्लात का?"

"आत्ता सकाळी सकाळी कुठला डबा?"

"मग तर मुळीच नको. उपाशीपोटी सही करू नये. आधी भाकरी खावी, पाणी प्यावं, आणि मग साहेबाला शिव्या द्याव्यात. सही नंतर बघू."

मास्तरांनी ऐकलं, आणि त्याच शाळेतून पुढे हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. म्हणजे नानांचा सल्ला खोटा नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला प्रकार होता. कारण नानांनी स्वतः राजीनामा दिला तो डबा खायच्या अगदी आधी. काकू अजून म्हणतात, "त्या दिवशी डब्यात वांग्याचं भरीत होतं. आधी भरीत खाल्लं असतं ना, तर हा कोर्टाचा फेरा आमच्या दारात आला नसता." माझंही तेच मत आहे. आमच्याकडच्या भरतावर कळण्याची, म्हणजे उडीद-ज्वारीच्या पिठाची, भाकरी खाल्लेला माणूस भांडूच शकत नाही, त्याला झोप येते.

भांडण कशावरून झालं ते सांगतो. त्या जिनिंगचे शेठजी म्हणजे जुने मारवाडी गृहस्थ. नानांना ते 'नानाजी' म्हणायचे, बसा म्हणायचे, स्वतःच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून द्यायचे. नाना तिथले हेडक्लार्क. म्हणजे एकूण क्लार्क दोन, त्यांतले हे वयाने मोठे. पण रुबाब असा की कापूस नानांना विचारून बोंडातून बाहेर येतो. पुढे शेठजी थकले आणि त्यांनी बाहेरून एक तरुण मॅनेजर आणला. टाय लावणारा. त्याने पहिल्या आठवड्यात टेबलावर एक घंटी आणून ठेवली. वरून टपली मारली की टिंग वाजणारी.

टिंग वाजली की शिपायाने जायचं, दोनदा वाजली की नानांनी जायचं, असा हुकूम निघाला. मॅनेजरने दोनदा टिंग केलं. नाना जागेवर. पुन्हा दोनदा. नाना जागेवर, चष्मा पुसत. मॅनेजर स्वतः उठून बाहेर आला.

"ऐकू येत नाही का?"

"येतं ना. पण घंटेवर गायी येतात, साहेब. मला नाव आहे."

सगळं ऑफिस हातातलं काम टाकून बघायला लागलं. कापूस निवडणाऱ्या बायासुद्धा दारात जमल्या. मॅनेजरचा चेहरा लाल. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही कारकून आहात. साधे कारकून. कारकुनासारखं वागायला शिका."

संपलं. नानांनी चष्मा चढवला. कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, आत जाऊन टेबलावर असा आपटला की घंटी आपोआप वाजली. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, "नाना, शिवी दिली का त्याने?" तर म्हणाले, "शिवीच दिली." काय शिवी ते मात्र सांगेनात. मला दौलतकडून कळलं, आणि खरं सांगतो, मला हसू आलं. कारकून ही काय शिवी झाली? नाना कारकून नव्हते तर काय कलेक्टर होते?

दुसऱ्या दिवशी पोटात भाकरी गेल्यावर शहाणपण आलं. नानांनी राजीनामा मागे घेतल्याचा अर्ज दिला. पण मॅनेजरने आदल्या दिवशीच 'मंजूर' असा शेरा मारून ठेवला होता. "लाल शाईत!" नाना मला म्हणाले. "आनंद झाल्याशिवाय माणूस लाल शाई काढत नाही."

तेव्हा सुरू झाली वकिलाची वारी. पाठक वकील तपकीर ओढणारे, सरळ बोलणारे. मी नानांबरोबर गेलो होतो. वकील म्हणाले, "राजीनामा मंजूर झाल्यावर मागे घेता येत नाही, तो दरवाजा बंद. दिवाणी दावा लावला तर तुमच्या नातवाला निकाल मिळेल. आता उरलं काय? अपमान करून, दडपण आणून राजीनामा द्यायला भाग पाडलं, म्हणजे हा राजीनामाच नव्हे, ही बडतर्फी आहे, असं म्हणायचं. साक्षीला अख्खं ऑफिस आहे. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार, तिथे समेट नाही झाला तर कामगार कोर्ट. केस चांगली आहे."

"मग अडचण काय?" नानांनी छाती पुढे काढली.

"अडचण तुम्ही," वकील म्हणाले. "कामगार कोर्टात फक्त कामगाराचं ऐकतात. हिशेब लिहिणारा, पत्रं लिहिणारा कारकून हा कायद्याने कामगार. पण दुसऱ्यावर देखरेख करणारा, साहेब लोकांतला माणूस, तो कामगार नाही. त्याने घरी बसावं. तेव्हा नाना, आजपासून तुम्ही कारकून. साधे कारकून. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी कारकून म्हणायचं."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या शब्दापायी नोकरी गेली, तोच शब्द शपथेवर म्हटल्याशिवाय नोकरी परत मिळणार नव्हती. मला वाटलं आता हे वकिलाच्याही टेबलावर काहीतरी आपटणार. पण काकूंनी तोवर बिबड्या लाटून दारोदार विकायला सुरुवात केली होती. ज्वारीच्या त्या पापडांचा घाटा हाटून हाटून त्यांच्या हाताला फोड आले होते, ते नानांना दिसत होतं. नाना खाली मान घालून म्हणाले, "बरं. कारकून."

समेटाच्या बैठकीत तर गंमतच झाली. शेठजी स्वतः काठी टेकत आले होते. म्हणाले, "नानाजी, खतम करो. या परत." मॅनेजर म्हणाला, "माझी हरकत नाही. फक्त यांनी लिहून द्यावं, की मी कारकून आहे आणि पुढे कारकुनासारखा वागेन." नाना म्हणाले, "मी कारकून आहे हे लिहून देतो. कारकुनासारखं वागणं म्हणजे काय, ते आधी साहेबांनी लिहून द्यावं." झालं, बैठक मोडली. बाहेर आल्यावर शेठजींनी कपाळाला हात लावला, आणि नाना मला म्हणाले, "बघितलंत? निरुत्तर केला!" निरुत्तर केला खरं, पण प्रकरण कोर्टात गेलं.

आता इथे मला माझ्या छापखान्याची हकिगत मध्ये घालावी लागते, कारण पुढचा सगळा घोटाळा माझ्या ट्रेडल मशीनवर छापलेला आहे.

या भानगडीच्या वर्षभर आधी नानांच्या शकूचं लग्न झालं. नानांची एकुलती एक पोर. हुशार, बोलकी, दिसायला सावळी. पत्रिका अर्थात माझ्याकडे. नानांनी मजकूर लिहून आणला तो मी वाचला. गणपती, कुलदैवत, सगळं यथासांग. खाली 'आपला नम्र, भास्कर वाणी' आणि त्याखाली 'सुपरवायझर'.

मी चष्म्यावरून बघितलं. "नाना, हे काय?"

"काय म्हणजे? देखरेख कोण करतं तिथे? शिपाई कोणाचं ऐकतो? दुसरा क्लार्क कोणाला विचारून लघवीला जातो?"

"तरी पण..."

नाना माझ्या कंपॉझिटरकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाले, "चोपड्याच्या स्थळाने काय सांगितलं ठाऊक आहे? मुलगी पसंत, पण बाप कारकून. यावलच्या स्थळाने तेच. पोरीने दाराआडून ऐकलं हो. आता हे धुळ्याचं जमलंय. घरात दोन जावा आहेत, एकीचा बाप मामलेदार कचेरीत, एकीचा बाप बागाईतदार. माझी पोर त्यांच्यात खाली मान घालून बसली नाही पाहिजे. छापा तुम्ही. ठळक टाईपात छापा."

मी छापलं. आमचं काय, गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं. गिऱ्हाइकाने 'चक्रवर्ती सम्राट' सांगितलं असतं तरी मी फक्त टाईप आहे का तेवढं बघितलं असतं.

लग्नाचं पहिलं आमंत्रण देवाला आणि दुसरं ऑफिसला. नानांनी स्वतः शेठजींच्या टेबलावर अक्षतांसकट पत्रिका ठेवली. आणि त्या ऑफिसात आलेला कुठलाही कागद फेकायचा नाही, फायलीला लावायचा, ही शिस्त कोणी घालून दिली होती? नानांनीच. पत्रिका फायलीत जाऊन बसली. मॅनेजरच्या वकिलाला ती तिथेच सापडली, हळदीच्या बोटासकट.

हे आम्हांला तारखेच्या आधी कळलं. पाठक वकिलांनी नानांना असं काही झापलं की विचारू नका. मग तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, "एकच वाट आहे. छापखान्याची चूक." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालेल." खोटं कशाला बोलू, माझ्या छापखान्याचं नाव चुकांसाठी प्रसिद्धच होतं. एका बारशाच्या पत्रिकेत मी आजोबांनाच पाळण्यात घातलं होतं. त्यात आणखी एक चूक. दुसऱ्याच्या पत्रिकेतला हुद्दा चुकून इथे बसला, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मित्राची भाकरी परत येणार होती, मला त्यात पाप वाटलं नाही.

कोर्ट बसायचं धुळ्याला. सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघं निघालो. नानांच्या मांडीवर पिशवी, पण तिच्यात डबा नव्हता. काकूंची आदल्या दिवशीपासून कंबर धरली होती, आणि मीच म्हटलं होतं, की धुळ्यात लेक असताना डबा कशाला. नाना चिडले. "लेकीच्या घरी खायचं? तिला मूलबाळ होईपर्यंत मी तिच्या घरचा पाण्याचा थेंब घेणार नाही. आमच्याकडे बाप घेत नाहीत." म्हटलं, बरं बाबा, तुमचा नेम तुमच्यापाशी. पारोळा गेल्यावर नाना खिडकीबाहेर बघत पुटपुटायला लागले. मी कान दिला तर म्हणत होते, "कारकून. साधा कारकून. पत्रं लिहितो, हिशेब लिहितो. कारकून." सराव चालला होता.

कोर्टात दौलतची साक्ष झकास झाली. "नाना रोज येतस. पानी पडो, ऊन पडो, येतस. रविवारले बी येतस." न्यायाधीशही हसले. ते वयस्कर, शांत गृहस्थ होते. मग नाना पिंजऱ्यात उभे राहिले. घंटीची हकिगत त्यांनी अशी सांगितली की मॅनेजर रुमालाने मान पुसायला लागला. पाठक वकिलांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. केस आमच्या खिशात होती, मला तर फाटकातून आत शिरणारे नाना दिसायला लागले होते.

मग समोरच्या वकिलाने पत्रिका काढली.

"ही तुमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका?"

"हो."

"तुमच्या नावाखाली काय छापलंय?"

"सुपरवायझर."

"ते खरं, की आत्ता सांगताय ते खरं?"

नानांनी फक्त म्हणायचं होतं, छापणाऱ्याची चूक. मी बाकावर पुढे सरकून बसलो होतो. नानांनी तोंड उघडलंही. आणि त्याच वेळी मागचं दार करकरलं.

आत आले ते आत्मारामआबा, शकूचे सासरे, नानांचे व्याही. आमच्याकडे याही म्हणतात. धुळ्याच्या बाजारात मिरचीचं दुकान. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चार पुडांचा मोठा डबा. ते शेवटच्या बाकावर बसले, धाप लागलेली, आणि तिथूनच त्यांनी नानांना हात जोडले.

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. टोपी सरळ केली. ताठ झाले, अगदी दौलतसमोर व्हायचे तसे.

"सुपरवायझर," नाना म्हणाले. "छापखान्याची काही चूक नाही. मी सांगितलं तसंच त्यांनी छापलंय."

पाठक वकिलांच्या हातातली तपकिरीची डबी खाली पडली. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "वाणी, नीट विचार करून उत्तर द्या. या उत्तराने तुमचंच नुकसान होतं."

"विचार करूनच सांगतो, साहेब. माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका आहे ती. तिच्यात खोटं कसं असेल?"

निकाल पुढे यथावकाश आला आणि लागायचा तसाच लागला, पण खरा निकाल तिथेच लागला होता. बाहेर आल्यावर पाठक वकील तडक निघून गेले. मी मात्र थांबलो. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली नानांना गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "डोकं फिरलंय का तुमचं? मी उभा राहून चूक पदरात घ्यायला तयार! दौलत बिचारा स्वतःची नोकरी पणाला लावून साक्ष देतो! काकूंच्या हाताचे फोड बघा जरा! त्या एका शब्दाने काय पोट भरणार आहे तुमचं?"

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "ओरडून झालं? आता मी बोलतो. आज मी याहींच्या तोंडावर शपथेवर सांगितलं असतं, की पत्रिका खोटी. संध्याकाळी घरात दोन्ही जावा शकूला काय म्हणाल्या असत्या? तुझ्या बापाने फसवून लग्न लावलं. त्यावर माझी पोर काय बोलली असती?" नानांनी टोपी काढली. "सगळी पुस्तकं शोधली मी. त्याला कलम नाही हो."

एवढं बोलून ते हात-तोंड धुवायला नळावर गेले. मला अजून चार शिव्या द्यायच्या होत्या.

तेवढ्यात आत्मारामआबा डबा घेऊन माझ्याजवळ आले. नळाकडे बघत हळूच म्हणाले, "काय व्हयनं हो हाई?"

मी सगळं सांगून टाकलं. रागातच सांगितलं. तुम्ही आत आलात म्हणून त्यांनी तो शब्द सोडला नाही, हेही सांगितलं. आबा डबा ठेवून पारावर बसले.

"अरे देवा! आमले तं बठ्ठं माहीत शे."

"सगळं माहीत? काय माहीत?"

"कारकून शेतस ते. सूनबाईनी पयलाच आठोडामा सांगी दिन्हं व्हतं." मग आबा थांबत थांबत बोलले. शकूने सासूसासऱ्यांसमोर बसून स्वतःच सांगितलं होतं, की आबा, पत्रिकेत नानांनी वाढवून छापलंय, ते कारकून आहेत, पण तुम्ही त्यांना बोलू नका, त्यांना फार लागतं. सासूबाई हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, मग काय झालं, आपणही लग्नात घर दोन मजली सांगितलंच होतं की. तेव्हापासून त्या घरात नानांचा उल्लेख 'सुपरवायझर साहेब' असाच व्हायचा. जावासुद्धा तसंच म्हणायच्या.

"आज मी त्येच सांगाले उनू व्हतू," आबा म्हणाले, "का बिनधास्त कारकून सांगा, आमनी काळजी नको. सूनबाईनीच धाडं माले. पन डबा व्हवाले येळ लागना." काकूंच्या पत्रातून शकूला पत्रिकेची भानगड कळली होती, म्हणून तिने आबांना हा निरोप घेऊन पाठवलं होतं, आणि नेमका डब्यापायी उशीर झाला. आबांनी उपरण्याने डोळे पुसले. "मी उनू नसतू तं बरं व्हतं."

आम्ही दोघांनी नळाकडे बघितलं. सांगावं का आता? नाना नळाजवळ टोपी झटकत होते. केस गेली होती, पण चालण्यात ऐट होती. कोर्ट जिंकून आलेला माणूस तेवढा ताठ चालला नसता. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

नाना जवळ आले तसे आबा उठून उभे राहिले, उपरणं झटकून त्यांनी पारावर जागा केली आणि आजूबाजूच्या वकिलांना, पक्षकारांना, चहावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या, सुपरवायझर साहेब! बसा. जेवाले बसा."

नानांनी माझ्याकडे एक नजर टाकली. बघितलंत? असा त्या नजरेचा अर्थ होता. मग डब्याकडे बघून आखडले. "नको, आबा. लेकीच्या घरचं मला चालत नाही."

"लेकनं कोठे शे? मन्हा घरनं शे. आमना घरमानी बाईनी कयं." म्हणजे सूनबाईने नव्हे, याहीनबाईंनी केलंय. आबांनी बिनदिक्कत ठोकून दिलं आणि डबा उघडला. भरीत होतं, वर कांद्याची पात, कळण्याच्या भाकऱ्या, मिरचीचा ठेचा. वास नाकात शिरला आणि मला सकाळपासून आपण उपाशी आहोत हे आठवलं. नानाही उपाशीच होते. उपाशीपोटी सही करू नये म्हणणारे नाना उपाशीपोटीच साक्ष देऊन आले होते.

नाना पारावर टेकले. मग त्यांनी भाकरी मोडली, भरताचा घास घेतला आणि चावता चावता एकदम थांबले. पोरीला ते भरीत काकूंनी शिकवलं होतं. शेंगदाणे अख्खे घालायची पद्धत नानांच्या घरातली, धुळ्याकडची नव्हे, हे मलाही कळत होतं. मी भाकरी हातात धरून बघत होतो.

नानांनी घास गिळला. डोळे भरून आले होते, पण ठेचाही तिखट होता.

"आबा," ते म्हणाले, "याहीनबाईंच्या हाताला अगदी आमच्या शकूची चव आहे."

"व्हय," आबा म्हणाले, "शे खरी."

आणि नानांनी दुसरी भाकरी मागून घेतली.